सेवेला मान, सेवकाच्या पोटाचे काय?

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, मीना नदीच्या काठी नारायणगाव वसले आहे. जुन्नर तालुक्यातील ही मोठी बाजारपेठ. येथील टोमॅटोच्या बाजाराचे नाव दूरदूरच्या प्रांतांतील व्यापाऱ्यांच्या ओठी असते. २०२३ च्या जुलै महिन्यात वीस किलोच्या एका क्रेटला दोन हजार रुपयांच्या पलीकडे भाव गेला, तेव्हा तर ते देशभर गाजले. जवळच खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जगद्विख्यात रेडिओ दुर्बीण आकाशाचा वेध घेत उभी आहे. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी या तालुक्यांच्या पूर्व भागात ऊस, द्राक्षे आणि भाजीपाला पिकविला. अशा या नांदत्या प्रदेशात एकाच घराच्या ओसरीवर दोन तक्रारी ऐकू येतात. बाप म्हणतो, शेतावर मजूर मिळत नाही. मुलगा म्हणतो, मला नोकरी मिळत नाही. बापाच्या टोमॅटोची तोडणी पश्चिमेच्या डोंगरातून उतरलेल्या महादेव कोळी आणि ठाकर मजुरांच्या भरवशावर चालते, आणि मुलगा पदवीचे भेंडोळे घेऊन पुण्याच्या अभ्यासिकेत तिसऱ्या वर्षी तीच पुस्तके पुन्हा उघडून बसलेला असतो.

हा मुलगा सुटीत गावी आला म्हणजे त्याला एक उपदेश हमखास ऐकावा लागतो. “रिकामा बसण्यापेक्षा चार लोकांच्या उपयोगी पड; समाजकार्य कर.” उपदेश करणारे वडीलधारे असतात, त्यांचा हेतू चांगला असतो, आणि शब्दशः पाहता त्यात वावगे असे काही नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष शाश्वत विकासासाठी स्वयंसेवकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले, तेव्हापासून हाच उपदेश अधिक मोठ्या व्यासपीठांवरूनही होऊ लागला आहे. तथापि बेकार तरुणाला सेवेचा उपदेश करण्यापूर्वी त्या उपदेशाचा अर्थ नीट तपासून पाहणे आमच्या मते अगत्याचे आहे. सेवा ही थोर गोष्ट आहे यात वाद नाही. ती कोणाच्या खर्चाने व्हावयाची, एवढाच प्रश्न आहे. आणि नेमका हाच प्रश्न विचारला जात नाही.

प्रथम बेकारीचे स्वरूप पाहू. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार २०२३-२४ या वर्षी पंधरा वर्षांवरील लोकांत बेकारीचे प्रमाण शेकडा ३.२ होते. हा आकडा वाचून कोणालाही हायसे वाटेल. परंतु त्याच पाहणीत १५ ते २९ या वयोगटातील बेकारीचे प्रमाण शेकडा १०.२, म्हणजे तिपटीहून अधिक आहे. गरिबाला बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल त्या कामाला हात घालतो आणि आकड्यातून सुटतो. नोकरीच्या प्रतीक्षेत बसून राहण्याची ऐपत आणि आकांक्षा ज्याला शिक्षणाने दिली, तो आकड्यात सापडतो. महाराष्ट्रात २०२३ साली तलाठ्यांच्या साडेचार हजारांच्या आसपास जागा भरावयाच्या होत्या. त्यांकरिता दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. उरलेल्यांच्या पदरी निराशा आली ती त्यांच्या नालायकीमुळे आली, असे कोणता शहाणा मनुष्य म्हणेल?

या तरुणाचे दुःख केवळ पैशाचे नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. आमच्या ग्रामीण समाजात एका पिढीने दुसऱ्या पिढीला वरच्या पायरीवर चढविण्याचे साधन म्हणून शिक्षणाकडे पाहिले. आजोबा निरक्षर, बाप सातवीपर्यंत शिकलेला, मुलगा पदवीधर, अशी ही चढण आहे. मुलगा पदवी घेऊन पुन्हा ओसरीवर येऊन बसला, म्हणजे तीन पिढ्यांचा हिशेब चुकल्यासारखे घराला वाटते. ज्या पश्चिमेच्या खोऱ्यातील आदिवासी मुलाच्या घरी पहिलाच पदवीधर झाला, त्याच्या बाबतीत तर हा घाव अधिक खोल असतो. कारण बागायतदाराच्या मुलाला निदान ओसरी आहे, त्याला तीही नाही. डिंभे धरणात ज्या गावांच्या जमिनी बुडाल्या, त्यांत आंबेगाव तालुक्याला नाव देणारे आंबेगावही होते. धरणाच्या पाण्याने पूर्वेकडे मळे पिकले आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची मुले त्या मळ्यांवर मजुरीला आली. समाजात वर चढण्याच्या वाटा सर्वांना सारख्या नसतात, याचा याहून स्पष्ट दाखला शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही.

या वाटा मुळात तयार कोणी केल्या? सरकारने सर्व केले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. नारायणगावात शाळा, महाविद्यालय आणि कृषी विज्ञान केंद्र चालविले ते ग्रामोन्नती मंडळ या संस्थेने. तिच्या विद्यामंदिराला गुरुवर्य रा. प. सबनीस यांचे नाव आहे. एखाद्या गावाने आपल्या शाळेला शिक्षकाचे नाव द्यावे, यातच त्या गावाच्या प्रगतीचे मर्म आले. निवृत्तीनगरचा श्री विघ्नहर साखर कारखाना सहकारातून उभा राहिला. सातारकडे पाहिले तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काढलेल्या रयत शिक्षण संस्थेने बहुजनांच्या हजारो मुलांना वसतिगृहातून, श्रम करीत शिकण्याची सोय करून दिली. या सर्व ठिकाणी कोणी तरी आपला वेळ, आपली जमीन, आपले श्रम मोबदल्याचा विचार न करता दिले होते. स्वयंसेवेचे मोल काय, असा प्रश्न कोणी केल्यास खेड्यातील पहिल्या पदवीधराकडे बोट दाखवावे. तोच त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

मग त्याच पदवीधराने आता सेवेस लागावे, हे म्हणणे चुकीचे कसे? चूक आहे ती एका गृहीतकात. ज्याला काम नाही त्याच्यापाशी वेळ मुबलक आहे, आणि ज्याच्यापाशी वेळ मुबलक आहे तो सेवा सहज करू शकेल, असे हे गृहीतक. अनुभव याच्या नेमका उलट आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्टाल या गावातील कापडाची गिरणी १९२९-३० च्या मंदीत बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण अभ्यासकांनी त्या गावात राहून केलेली पाहणी १९३३ साली प्रसिद्ध झाली. गावात वाचनालय होते. आता वाचावयास हवा तेवढा वेळ मिळाला होता. परंतु बाहेर जाणाऱ्या पुस्तकांची संख्या वाढण्याऐवजी दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. लोकांचे संस्थांतील येणेजाणे मंदावले. पुरुष रस्त्याने अधिक सावकाश चालू लागले, वाटेत थांबू लागले. काम गेले की त्याबरोबर दिवसाची घडी मोडते, चारचौघांतील स्थान जाते आणि आपण कोणाला हवे आहोत ही भावना विरते. सक्तीचा रिकामपणा आणि विश्रांती या दोन भिन्न वस्तू आहेत. ज्याचे मन असे खचले आहे, त्याला “रिकामाच आहेस तर सेवा कर” असे सांगणे म्हणजे त्याच्या रिकामपणावर पुन्हा एकदा बोट ठेवणे होय.

आमची स्वतःची परंपरा या बाबतीत काय सांगते? सेवेची महाराष्ट्रातील जी उज्ज्वल उदाहरणे आपण मुलांना सांगतो, ती एकदा बारकाईने पाहावीत. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे अल्प वेतनावर शिकविण्याची प्रतिज्ञा केली. गोपाळ कृष्ण गोखले त्यांपैकीच एक. त्यांच्या विद्वत्तेला बाहेर याहून कितीतरी अधिक मोल मिळाले असते. त्यांनी दरमहा पंच्याहत्तर रुपयांवर समाधान मानले. हा त्याग होता, यात शंका नाही. परंतु पंच्याहत्तर रुपये हे शून्य रुपये नव्हते! त्या काळी तेवढ्यात एक मध्यमवर्गीय कुटुंब साधेपणाने राहू शके, आणि वीस वर्षांनंतर तीस रुपयांच्या निवृत्तिवेतनाचीही तरतूद होती. याच गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला, तेव्हा सदस्यांकडून त्यांनी स्वतःसाठी पैसा न मिळविण्याची प्रतिज्ञा घेतली. पण त्याच प्रतिज्ञेत संस्था आपल्या व आपल्या कुटुंबाच्या निर्वाहाची जी व्यवस्था करील तीवर संतुष्ट राहू, असेही वचन होते. म्हणजे सेवकाने मोह सोडावयाचा आणि संस्थेने त्याच्या घरच्या चुलीची काळजी वाहावयाची, असा हा दुहेरी करार होता. आज आपण या करारातील सेवकाची बाजू तेवढी लक्षात ठेवली आणि संस्थेची बाजू सोयीस्करपणे विसरलो.

या विस्मरणाचा सर्वांत मोठा लाभ कोणी घेतला असेल तर तो राज्यकर्त्यांनी. महाराष्ट्रात शाळेत नव्याने लागणारा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षक नसतो, ‘शिक्षण सेवक’ असतो. वर्ग तोच, मुले तीच, जबाबदारी तीच. परंतु नावात ‘सेवक’ आल्याबरोबर वेतनाचे मानधन होते. प्राथमिक शाळेतील शिक्षण सेवकाला अनेक वर्षे दरमहा सहा हजार रुपयांवर राबावे लागले. २०२३ साली ही रक्कम सोळा हजार झाली. खेडोपाडी गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणारी, बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी, लसीकरणासाठी घरोघर हिंडणारी ‘आशा’ ही सरकारी कागदोपत्री कर्मचारी नाही, ती ‘स्वयंसेविका’ आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ही योजना आली. २०२० च्या महामारीत शहाणी माणसे दारे लावून घरात बसली असता हीच स्त्री घरोघर जाऊन लोकांचा ताप मोजत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली आशांचा गौरव केला. आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातील आशांना आपल्या मोबदल्यासाठी संप करावा लागला. गौरवाची बातमी पहिल्या पानावर आली, संपाची आतल्या पानावर. यात आम्हा वृत्तपत्रांचाही दोष आहे, हे कबूल केले पाहिजे.

१९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी सेविकांची कथा याहून निराळी नाही. त्यांना मिळते ते वेतन नव्हेच, ते मानधन आहे, अशी भूमिका घेऊन त्यांना उपदान नाकारले जात होते. अखेर एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ चा उपदान कायदा लागू आहे, असा निर्णय दिला. ‘मानधन’ हा शब्द मोठा फसवा आहे. त्यात मान पुढे आणि धन मागे. मान दिला म्हणजे धन कमी दिले तरी चालते, अशी समजूत त्या शब्दाने रूढ केली. न्यायालयाला जे दिसले ते समाजालाही दिसावयास हवे: वर्षभर, रोज, नेमून दिलेले आणि टाळता न येणारे काम ही नोकरी होय, तिला सेवा म्हटल्याने सेवाही बाटते आणि नोकरीही.

मान आणि धन यांची ही फारकत नारायणगावाला नवी नाही. हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. यात्रांच्या हंगामात फडांच्या राहुट्या येथे पडतात आणि गावोगावचे यात्रेचे पंच सुपारी देण्यासाठी येथे येतात. याच गावाचे नाव विठाबाई नारायणगावकरांनी महाराष्ट्रभर नेले. त्यांना १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून गौरव लाभला. समाजाच्या सर्वांत खालच्या मानल्या गेलेल्या थरातून आलेल्या एका कलावतीने राष्ट्रपती भवनापर्यंत मजल मारली, ही सामाजिक उन्नतीची अद्भुत कहाणी वाटते. परंतु तिचा शेवट आठवतो आणि मान खाली जाते. २००२ साली त्या निवर्तल्या तेव्हा रुग्णालयाचे देणेही देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले. पुढे २००६ पासून राज्य शासनाने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. जिवंतपणी मान, मरणोत्तर पुरस्कार आणि मधल्या काळात हलाखी, हा क्रम केवळ कलावंतांच्याच वाट्याला येतो असे नाही. निष्ठेने राबणाऱ्या प्रत्येकाला आपण हेच देऊ करीत आहोत.

स्वयंसेवा कोणाला परवडते, हाही विचार येथे केला पाहिजे. २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेच्या विनियोगाची पाहणी झाली. तीत असे आढळले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाची २९९ मिनिटे घालवितात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. आणि मुळात घरकाम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच जेमतेम एक चतुर्थांश आहे. घरासाठी रोज पाच तास विनामोबदला राबणाऱ्या स्त्रीच्या श्रमाला आपण कर्तव्य म्हणतो, आणि तिच्या पदवीधर भावाने महिन्यातून एक रविवार गावची विहीर उपसली तर त्याला सेवा म्हणतो. आंतरराष्ट्रीय श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने २०१३ साली ठराव करून वेतनी रोजगाराखेरीज घरासाठी केलेले उत्पादक श्रम, विनावेतन उमेदवारी आणि स्वयंसेवा या सर्वांना ‘काम’ मानले. हा ठराव योग्यच होता. परंतु त्याच ठरावाने रोजगार निराळा मानला, हे विसरता कामा नये. स्वयंसेवा हे काम आहे, म्हणून स्वयंसेवा करणारा बेकार नाही, असा युक्तिवाद उद्या कोणी केला, तर तो आकड्यांची चलाखी ठरेल.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, आम्ही सेवेच्या कल्पनेवरच आघात करीत आहोत. तसे मुळीच नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गाडली गेली. गाव जागेवर नाही, हे सकाळी एसटीच्या चालकाच्या ध्यानात आले आणि बातमी बाहेर फुटली. त्या पावसात, त्या चिखलात जी माणसे धावली त्यांनी आपल्याला काय मिळणार हे विचारले नव्हते. ही सेवा अमोल होती आणि अमोलच राहील. परंतु ढिगारा उपसण्याचे मोठे काम प्रशिक्षित राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने केले आणि वाचलेल्यांना नवे गाव मिळाले ते २०१७ साली, सरकारी खर्चाने. संकटाच्या क्षणी शेजाऱ्याने धावावे आणि पुनर्वसनाचा भार शासनाने उचलावा, ही कामाची योग्य वाटणी होय. उलटी वाटणी केली तर शेजारी थकतो आणि शासन निर्धास्त होते.

सेवा आणि निर्वाह यांची सांगड घातली तर काय घडू शकते, हे पाहण्यासाठी शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जावे. हिवरे बाजारचे पोपटराव पवार हे वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर. शहरात नोकरी धरून बसण्याचा मार्ग त्यांनाही खुला होता. १९९० च्या सुमारास ते गावचे सरपंच झाले. गावाने श्रमदान केले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. परंतु त्या श्रमदानाच्या जोडीला रोजगार हमी आणि आदर्श गाव योजना यांचा पैसा होता. माणसे डोंगरावर चर खणीत होती तेव्हा त्यांच्या घरी चूल पेटत होती. पुढे पाणी आले, पिके आली आणि पोटासाठी बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. नुसत्या श्रमदानाने हे झाले नसते आणि नुसत्या सरकारी मजुरीनेही झाले नसते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला आणि अंगमेहनतीचे काम मागणाऱ्याला ते देण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. सुशिक्षित बेकारासाठी मात्र असे कोणतेच बंधन आजवर कोणी स्वीकारलेले नाही.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखालील समितीने विद्यापीठात जाण्यापूर्वी प्रत्येक तरुणाने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी, अशी शिफारस केली. खर्चाचा आकडा पाहून ती बाजूला पडली. पुढे २४ सप्टेंबर १९६९ रोजी सदतीस विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर, असे तिचे स्वरूप. शहरी मुलामुलींना खेडे दाखविण्याचे मोठे कार्य तिने केले. पण ती विद्यार्थ्यांची योजना आहे, बेकारांची नव्हे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यास सहा, पदविकाधारकास आठ आणि पदवीधरास दहा हजार रुपये दरमहा देऊन सहा महिने कामाचा अनुभव द्यावयाचा, अशी ती योजना; पुढे मुदत पाच महिन्यांनी वाढविण्यात आली. निर्वाहाची गरज शासनाने मान्य केली, हे या योजनेचे श्रेय. परंतु मुदत संपल्यावर पुढे काय, याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. आणि कार्यालयांतील कायम जागा रिकाम्या ठेवून तेथे प्रशिक्षणार्थी बसविण्याचा मोह तिने वाढविला. अनुभव घेतलेले तरुण पुन्हा ओसरीवर आले, ते अधिक कडवटपणा घेऊन.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मते चार गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. पहिली गोष्ट, जेथे काम कायम आहे तेथे पद कायम असावे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी यांतील रिकामी जागा स्वयंसेवकाने भरून काढणे हे दोन बेकार निर्माण करण्यासारखे आहे. एक तो स्वतः, आणि दुसरा ज्याला ती जागा मिळावयाची होती तो. दुसरी गोष्ट, पूर्ण वेळ सेवा करणाऱ्या तरुणाला निर्वाहवेतन, प्रवासखर्च आणि विम्याचे संरक्षण मिळाले पाहिजे. असे झाले तर सेवेत आणि नोकरीत फरक काय राहिला, अशी शंका कोणी काढील. गोखल्यांचे पंच्याहत्तर रुपये हेच तिचे उत्तर आहे: बाजार कामाची किंमत देतो, निर्वाहवेतन माणसाला ते काम करण्यास मोकळे करते. हे नसेल तर सेवा ही केवळ सुखवस्तूंच्या मुलांची मिरासदारी होईल. ते सेवेचा अनुभव आणि ओळखी मिळवून आणखी वर चढतील, आणि पश्चिमेच्या खोऱ्यातील मुलगा टोमॅटोच्या तोडणीवरच राहील.

तिसरी गोष्ट, सेवेची नोंद झाली पाहिजे आणि ती नोंद नोकरभरतीत मोजली गेली पाहिजे. एखाद्या तरुणीने वर्षभर पाड्यावर मुलांना वाचावयास शिकविले, एखाद्या तरुणाने पाणलोटाचा नकाशा केला, तर त्यातून हिशेब, संघटन, बोलणे, ऐकणे ही कौशल्ये ती दोघे शिकतात. स्पर्धा परीक्षेच्या तीन वर्षांत यातले काही शिकता येत नाही. खोटे दाखले निघतील, ही भीती रास्त आहे. तेव्हा दाखला साहेबाच्या सहीने न देता ग्रामसभेपुढे कामाचा तपशील वाचून द्यावा. काम न करणाऱ्याला गाव ओळखून असते. चौथी गोष्ट, प्रत्येक सेवाकाळाला शेवट असावा आणि त्या शेवटाला पुढची वाट जोडलेली असावी: उमेदवारी, पतपुरवठा किंवा पुढील शिक्षण.

यास पैसा कोठून येणार? नारायणगावहून पुण्याकडे निघालेल्या गाडीला वाटेत चाकण लागते. तेथील कारखान्यांच्या रांगा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हा प्रश्न फारसा अवघड वाटू नये. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याचा शेकडा दोन भाग सामाजिक कार्यावर खर्च करण्यास बांधून घेतले आहे. त्यातील काही भाग फलक, समारंभ आणि पिशव्या वाटणे यांवरून काढून तालुक्याच्या तरुणांच्या निर्वाहवेतनाकडे वळविला, तर कारखान्यांचे काही बिघडणार नाही.

शेवटी एक गोष्ट आमच्या शहरी वाचकांसाठी. सेवेचा उपदेश आपणच अधिक करतो. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा खेड्यातून माधुकरी मागत किंवा वार लावून पुण्यास शिकले. कोणाच्या तरी घरी त्यांना आठवड्यातून एक दिवस जेवण मिळाले, म्हणून ते शिकू शकले आणि म्हणून आपण आज येथे आहोत. ज्याने त्यांना जेवू घातले त्याने त्यांना उपदेश कितपत केला, हे कोणास ठाऊक नाही. पण वाढलेले ताट मात्र घराघरांत आठवले जाते. नारायणगावच्या ओसरीवर बसलेल्या मुलाला आज असाच कोणी तरी हवा आहे. त्याच्या हातून देशाची सेवा घडावी असे आपणास खरोखर वाटत असेल, तर आधी त्याच्यापुढे ताट मांडावे आणि मग त्याला हाक मारावी. अशी हाक तो ऐकेल, याविषयी आम्हास शंका नाही.